सेवेचे प्रमाणपत्र कोणाला, जखम कोणाची?

मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मानसिक त्रासात सापडलेल्या तरुणांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करावे, ही कल्पना आता आपल्याकडे रुळली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळतात. त्यामुळे हातात प्रश्नावली घेतलेले विद्यार्थी वसतिगृहात, वस्तीत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत येऊ लागले आहेत. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून येतात, कौतुक होते. त्या कौतुकाला आमचा विरोध नाही. तरुण मुले दुसऱ्या तरुणांच्या दुःखाला कान देत असतील तर त्यात वाईट काय? परंतु ज्या वसतिगृहांत आणि वस्त्यांत हे प्रकल्प चालतात तिथे राहणारी पोरे बहुतेक आपली आहेत. म्हणून या सेवेचा जमाखर्च मांडण्याचा हक्कही आपला आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी, मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात, शहरातील एका महाविद्यालयाचे विद्यार्थी महिनाभर येत होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा त्यांच्यातील एका विद्यार्थिनीशी मोकळेपणाने बोलू लागला. रात्र-रात्र झोप लागत नाही, पुस्तक उघडले की छातीत धडधडते, घरी फोन करावासा वाटत नाही, असे त्याने सांगितले. कशामुळे, तेही सांगितले. प्रयोगशाळेत सगळ्या वर्गादेखत एक प्राध्यापक त्याला म्हणाले होते, 'तुम्हाला काय, कमी मार्कांवरही चालतं.' त्यात शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला आणि महाविद्यालयाचा फीसाठी तगादा. महिना संपला, विद्यार्थी परत गेले. पुढे त्यांच्या महाविद्यालयात प्रकल्पांचे सादरीकरण झाले. पडद्यावर वसतिगृहाचे नाव, मुलाचे गाव, त्याची जात आणि खाली निष्कर्ष: 'न्यूनगंड'. मुलाचा मामेभाऊ त्याच महाविद्यालयात शिकत होता. आठ दिवसांत गावात बातमी गेली की पोरगं वेडं झालं. मुलगा आम्हाला भेटायला कोर्टात आला. 'जयभीम साहेब' म्हणाला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. मग विचारले, 'साहेब, मी तिला सगळं खरं सांगितलं, ते माझं चुकलं का?'

ती विद्यार्थिनीही आम्हाला भेटून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. 'सर, नाव लिहायचं नाही एवढंच सांगितलं होतं. गाव लिहू नको असं कुणी सांगितलंच नाही,' ती म्हणाली. तिच्या मार्गदर्शकाकडे साठ विद्यार्थी होते आणि महिनाभरात ते एकदाही वसतिगृहात फिरकले नव्हते. तिची नियत वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या पत्रानंतर महाविद्यालयाने तो प्रकल्प मागे घेतला. मुलाने पुढे तक्रार करायची नाही असे ठरवले, आणि तो निर्णय त्याचा असल्यामुळे आम्ही तो मानला. पण त्याचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. खरे बोलणे ही ज्याला चूक वाटू लागली, तो मुलगा पुढच्या वेळी कोणापाशी तोंड उघडेल?

यावर उपाय म्हणून या विद्यार्थ्यांना दारेच बंद करावीत असे कोणी म्हणेल, तर ते आम्हाला मान्य नाही. कारण गरज खरी आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयातील ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार असल्याचे आढळले. सर्वसाधारण मानसिक आजार असलेल्या १०० पैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात सांगितले की देशात लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. असायला हवेत किमान तीन. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये वर्षानुवर्षे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी होती, मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हते. अशा स्थितीत कोणी बसून ऐकून घेणारा भेटला तर त्याला हाकलून देण्याइतके आपण श्रीमंत नाही.

शिवाय तज्ज्ञ नसलेला माणूसही मदत करू शकतो, हे सिद्ध झालेले आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेने स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांवर त्याचा सरकारी केंद्रांत चांगला उपयोग झाल्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमातून गावातल्याच बायाबापड्यांना तयार करण्यात आले. शेजारच्या दुःखी माणसाशी कसे बोलावे, कोणाला डॉक्टरकडे न्यावे, कोणाला सरकारी योजनेचा लाभ मिळवून द्यावा, हे त्या शिकल्या. पण हे यश कशामुळे मिळाले, ते नीट पाहिले पाहिजे. माणसे त्याच भागातली होती, त्यामुळे काम संपले म्हणून निघून जाणारी नव्हती. त्यांच्यावर जाणत्या माणसाची नियमित देखरेख होती. आजार जड दिसला की पुढे कोठे पाठवायचे ते ठरलेले होते. आणि गोव्यातील समुपदेशक पगारावर नेमलेले होते. एका दिवसाची कार्यशाळा, महिनाभराचे येणे-जाणे आणि शेवटी प्रमाणपत्र, असा तो प्रकार नव्हता.

आमच्या वकिलीच्या पेशातले उदाहरण घ्या. कायद्याचा विद्यार्थी विधी साहाय्य केंद्रात बसतो, पक्षकाराचे ऐकून घेतो, कागद लावतो, अर्जाचा मसुदा करतो. पण वकीलपत्रावर सही सनद असलेल्या वकिलाची असते आणि चूक झाली तर जाब त्याला द्यावा लागतो. मनाच्या बाबतीत हा नियम नको काय? भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असल्याखेरीज कोणाला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. मग बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आमच्या मुलाच्या कपाळावर 'न्यूनगंड' असा शिक्का कोणत्या अधिकाराने मारला?

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ ने प्रत्येक नागरिकाला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. ही सेवा देताना ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्यात जात हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. कलम ३ म्हणते की माणसाची सामाजिक किंवा आर्थिक स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कलम ३१ ने सरकारला बांधून घेतले आहे की, दहा वर्षांच्या आत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठी प्रयत्न करावेत. ती दहा वर्षे २०२८ मध्ये पुरी होतात. म्हणजे ज्या जागी सरकारने पगारी समुपदेशक बसवायचा, त्या जागी विनामोबदला विद्यार्थी उभा करून मुदत ढकलण्याची सोय होत आहे. वसतिगृहात महिनाभर मुले येऊन गेली की कागदावर समुपदेशन झाले! हक्काच्या जागी सेवा आणून बसवली की हक्क मागणाराच कृतघ्न ठरतो, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

याच कायद्यात एक फटही आहे. कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला, पण ती पाळण्याचे कर्तव्य आरोग्य व्यावसायिकांवर टाकले. श्रेयांकासाठी आलेला स्वयंसेवक व्यावसायिक ठरत नाही. कलम २४ परवानगीशिवाय फोटो किंवा माहिती प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई करते, पण ते मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याबद्दल बोलते. आमच्या वसतिगृहातील मुलगा कोणत्याच आस्थापनेत दाखल नव्हता. याचा अर्थ, ज्याच्यापाशी मुलगा सगळ्यात जास्त मोकळा झाला, त्याच्यावरच कायद्याचे बंधन सगळ्यात सैल! उलट, मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगत असेल, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेचे वचन देताच येत नाही. हे दोन्ही नियम किती विद्यार्थ्यांना समजावून दिलेले असतात? आम्ही चार-पाच जणांना विचारले. एकालाही माहीत नव्हते.

यापेक्षा खोल प्रश्न जातीचा आहे. आमच्या मुलाची झोप उडाली ती प्राध्यापकाच्या एका वाक्यामुळे आणि अडकलेल्या शिष्यवृत्तीमुळे. विद्यार्थिनीने त्याला दीर्घ श्वास घ्यायला आणि रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितले. श्वासाचे महत्त्व आम्हा बौद्धांना कोणी सांगायला नको, आनापानसती आपल्याच परंपरेत आहे. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेऊन कसे भागेल? मन शांत करायचे आणि मनाला जाळणारी आग तशीच ठेवायची, याला उपचार म्हणत नाहीत. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोन्ही वेळी आधी प्रश्न विचारले गेले ते त्यांच्या मनाच्या कणखरपणाबद्दल. त्यांच्या भोवतालच्या माणसांच्या मनाची तपासणी करावी असे किती जणांना वाटले? बाबासाहेबांनी १९३६ मध्येच जातीला मनाच्या कक्षेत आणून ठेवले होते. जात मानणाऱ्याचे मन आजारी आहे हे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यायला हवे होते. ते आले नाही, आणि अपमान सोसणाऱ्याचा 'न्यूनगंड' मात्र आला.

मात्र एक गोष्ट आपल्यालाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मनाचा प्रत्येक आजार जातीच्या अपमानातून येतो असे नाही. तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया हे आजार आहेत, त्यांना डॉक्टर लागतो, औषध लागते. आपल्या घरांत अजूनही अशा पोराला आधी देवऋषीकडे नेतात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अंगारा निघतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. चळवळीतही वेगळे काय आहे? पूर्णवेळ राबणारा कार्यकर्ता गप्प-गप्प राहू लागला की आपण म्हणतो, 'भीमाचा वाघ असून खचलास काय?' ही दाद नव्हे, हे त्याचे तोंड बंद करणे आहे. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्याच घाणीत पडलेला होता आणि संघातील कोणी त्याची विचारपूस करत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, बिछान्यावर निजवले. मग संघाला बोलावून एकमेकांच्या शुश्रूषेची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. तथागतांनी त्याला खंबीर राहा असे सांगून सोडून दिले नाही, ही गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी येताना विसरतो.

आता राहिला तो प्रश्न की मानसशास्त्रज्ञ होणार कोण? आमच्या ओळखीची एक मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. वस्तीतली, विहारात लहानाची मोठी झालेली. संध्याकाळी पाच ते दहा ती मेडिकल दुकानात काम करायची. चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष काम म्हणजे साधारण १२० तास. तेवढे तिने कसेबसे केले. पण बरोबरीच्या मुली त्याशिवाय सहा-सहा महिने निरनिराळ्या संस्थांत विनावेतन जात होत्या आणि पुढच्या प्रवेशासाठी, नोकरीसाठी अनुभवाचे कागद जमवत होत्या. ती आम्हाला म्हणाली, 'दादा, फुकट काम करायलासुद्धा ऐपत लागते.' एका वाक्यात तिने सगळे गणित मांडले. ज्यांच्या घरी खायची चिंता नाही त्यांना सेवा परवडते, सेवेतून अनुभव, अनुभवातून खुर्ची. जिला त्या वसतिगृहातील मुलाचे दुःख न सांगता कळले असते, ती औषधाच्या दुकानात बिले करत राहते.

आपली माणसे या विद्येत शिरली तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. मॅमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क हे कृष्णवर्णीय दांपत्य मानसशास्त्रज्ञ होते. मॅमी क्लार्क यांनी पदवीनंतर १९३८ च्या उन्हाळ्यात एका कृष्णवर्णीय वकिलाच्या कार्यालयात काम केले होते. वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची तयारी त्यांनी तिथे जवळून पाहिली. पुढे या दोघांनी लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून कोणती चांगली, कोणती वाईट असे विचारले. काळ्या मुलांपैकी पुष्कळांनी गोरी बाहुली चांगली म्हटले. क्लार्क दांपत्याने 'या मुलांना न्यूनगंड आहे' असा शेरा मारून वही मिटली नाही. विभक्त शाळा मुलांच्या मनावर जखम करतात, हे त्यांनी न्यायालयापुढे नेले. १७ मे १९५४ च्या 'ब्राऊन' खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना केनेथ क्लार्क यांच्या कामाचा आधार तळटीपेत नोंदवला. त्याआधी, १९४६ मध्ये, दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी केंद्र काढले होते. शाळांनी मतिमंद ठरवलेल्या अनेक मुलांची तिथे फेरतपासणी झाली आणि पुष्कळांची बुद्धी त्या मर्यादेच्या वर निघाली. तीच विद्या, तीच प्रश्नावली, पण विचारणारा बदलला आणि निष्कर्षही बदलला.

आपल्याकडे न्यायालयाने वाट थोडी मोकळी केली आहे. 'सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितले की मानसिक आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय अशा विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे निर्देशही दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. या निर्देशांत 'पात्र' हा शब्द आहे, 'स्वयंसेवक' नाही. हे प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक विद्यार्थी संघटनेने पाठ करून ठेवावे.

तेव्हा करायचे काय? महाविद्यालयांना आमचे सांगणे असे की विद्यार्थी पाठवा, पण त्यांच्यामागे नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ उभा करा. किमान वर्षभर तेच विद्यार्थी त्याच वसतिगृहात येत राहतील असे पाहा. त्यांनी निदान करू नये, सोबत करावी: ऐकावे, जिल्हा रुग्णालयात बरोबर जावे, अडकलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मदत करावी. गोपनीयतेची लेखी हमी त्या तरुणाच्या हातात द्यावी, त्यात गाव, जात, वसतिगृह काहीही उघड करणार नाही असे लिहिलेले असावे. जातीय अपमानाची हकिकत निघाली तर समान संधी कक्षाचा आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा रस्ता त्याला दाखवावा. जायचे की नाही ते त्याने ठरवावे. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्यांना जातीचे समाजशास्त्र शिकवावे. आणि समाजकल्याण विभागाने वसतिगृहांत पगारी समुपदेशकाचे पद निर्माण करून, प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्यावे, म्हणजे मेडिकल दुकानातील मुलगीही त्या खुर्चीपर्यंत पोहोचेल. विधी साहाय्याच्या कामात पॅरालीगल स्वयंसेवकाला मानधन मिळते, मग इथे का नाही?

वसतिगृहातील मुलांनीही एवढे करावे. प्रश्नावली घेऊन कोणी आले की विचारावे: तुमचे मार्गदर्शक कोण? हे कागद कोठे जाणार? पुढच्या महिन्यात तुम्ही येणार की नाही? मला डॉक्टर लागला तर कोण नेणार? उत्तरे मिळाली तर बसवून घ्या, पाणी द्या, बोला. नाही मिळाली तर नम्रपणे नाही म्हणा. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर कोणाची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मोफत बोलता येते. जवळच्या मित्राला उठवा, त्याच्याजवळ बसा. मदत मागणे हा भित्रेपणा नाही.

विहार समित्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. मानसशास्त्र शिकणारी आपली मुले-मुली, एखादा डॉक्टर, एखादा वकील तिथे बसला तर फार मोठे काम होईल. आम्ही आमच्या गावी शनिवारी बसतो. तो मुलगा मधल्या काळात जिल्हा रुग्णालयात उपचार घेऊ लागला, औषध चालू आहे, बी.एस्सी. पूर्ण झाले. गेल्या महिन्यापासून तो शनिवारी विहारात येतो. येणाऱ्या मुलांना आधीच सांगतो, 'तुझं नाव-गाव मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग.'

जयभीम!